कोपराचं दुखणं दाबू नका, समजून घ्या
व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

व्हॉलीबॉल हा आपल्या वस्त्यांचा खेळ आहे. दोन खांब, एक नेट, एक चेंडू आणि थोडी मोकळी जागा मिळाली की बारा जणांचा खेळ सुरू होतो. महागडा किट लागत नाही, क्लबची फी लागत नाही. विहारासमोरचं पटांगण असो की शाळेमागचा मुरमाड तुकडा, संध्याकाळ झाली की पोरं जमतात. आता मुलीही जमतात. भीमजयंतीच्या आसपास तर दिवस-रात्रीचे सामने भरतात.

अनेकांसाठी हा खेळ नुसता विरंगुळा राहिलेला नाही. ठरावीक दर्जाच्या स्पर्धांत प्रावीण्य मिळवणाऱ्या खेळाडूंना राज्य शासनाच्या नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, त्यामुळे कुणी त्या आशेने घाम गाळतं. कुणी पोलीस भरतीची तयारी करता करता खेळतं. कुणी दिवसभर रंगकाम, हमाली, डिलिव्हरी किंवा शिवणकाम करून संध्याकाळी नेटवर येतं. या सगळ्यांचा उजवा हात एकच असतो. त्याच हाताने स्मॅश मारायचा, त्याच हाताने रोजी कमवायची. म्हणून कोपर दुखायला लागलं की नुकसान फक्त सामन्याचं होत नाही, घराचंही होतं.

व्हॉलीबॉलमध्ये घोटा, गुडघा, खांदा आणि बोटं यांच्या दुखापती जास्त होतात. कोपराचं दुखणं त्यामानाने कमी दिसतं. पण ते हळूहळू येतं, त्यामुळे दुर्लक्षित राहतं आणि मग महिनोन् महिने मुक्काम ठोकतं.

अतिवापराची दुखापत म्हणजे काय?

पडलो, मार लागला, सूज आली, ही झाली अचानक झालेली दुखापत. ती सगळ्यांना कळते. अतिवापराची दुखापत तशी नसते. एकच हालचाल पुन्हा पुन्हा केल्याने शरीराच्या एका जागेवर रोज थोडी झीज होते. पुरेशी विश्रांती मिळाली तर शरीर ती झीज रात्रीत, दोन दिवसांत भरून काढतं. भरून निघण्याआधीच दुसरा भार पडला की झीज साचत जाते आणि एक दिवस दुखणं सुरू होतं.

साधा हिशेब करून पाहा. एखादा मुलगा आठवड्यातले पाच दिवस खेळतो. रोज ६० स्मॅश आणि ४० सर्व्हिस मारतो. म्हणजे आठवड्याला ५०० वेळा त्याचा हात पूर्ण जोराने फिरतो, महिन्याला दोन हजारांच्या वर. आठवड्याला १६ ते २० तास सराव करणारा मोठ्या दर्जाचा स्मॅशर वर्षाला ४० हजारांपर्यंत स्मॅश मारतो, असं क्रीडावैद्यकात नमूद आहे. त्याच्यामागे प्रशिक्षक असतो, फिजिओ असतो, खुराक असतो. आपल्या पोराच्या मागे बहुतेक वेळा फक्त त्याची जिद्द असते.

कोपर आतून कसं असतं?

दंडाचं एक हाड आणि हाताची दोन हाडं मिळून कोपराचा सांधा बनतो. कोपराला दोन्ही बाजूंनी चाचपून पाहा. बाहेरच्या बाजूला एक उंचवटा लागेल, आतल्या बाजूला त्याहून ठळक उंचवटा लागेल. मनगट आणि बोटं वर उचलणारे स्नायू बाहेरच्या उंचवट्याला जोडलेले असतात. मनगट आणि बोटं खाली वाकवणारे, मूठ आवळणारे स्नायू आतल्या उंचवट्याला जोडलेले असतात. स्नायू हाडाला जिथे जोडला जातो, तिथे दोरीसारखा घट्ट भाग असतो. त्याला कंडरा म्हणतात, दवाखान्यात टेंडन म्हणतात. अतिवापराची झीज बहुधा या दोरीतच होते. दोरीला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून ती भरून यायला स्नायूपेक्षा जास्त वेळ घेते.

स्मॅश मारताना हात डोक्यामागे वाकतो आणि क्षणात सरळ होतो. त्या वेळी कोपराची आतली बाजू ताणली जाते, बाहेरची बाजू दाबली जाते आणि मागची बाजू हाडावर आदळते. चेंडू २६० ते २८० ग्रॅमचाच असतो, पण वेगात त्याचा धक्का मोठा असतो. जुना, शिवण सुटलेला, पावसात भिजलेला चेंडू असेल तर तो आणखी वाढतो.

नेमकं कुठे दुखतं?

*बाहेरच्या उंचवट्यावर :* याला टेनिस एल्बो म्हणतात. टेनिसची रॅकेट कधी हातात न धरलेल्यांनाही तो होतो. चेंडू लिफ्ट करताना, ब्लॉकसाठी बोटं ताणून धरताना कळ येते. घरात बादली उचलताना, कपडे पिळताना, कढई धरताना, रंगाचा ब्रश मारताना दुखतं. ओळखायची सोपी रीत अशी : हात समोर सरळ ठेवा, तळवा जमिनीकडे. मनगट वर उचला आणि दुसऱ्या हाताने ते खाली दाबा. बाहेरच्या उंचवट्यावर कळ आली तर हेच दुखणं असण्याची शक्यता मोठी.

*आतल्या उंचवट्यावर :* याला गोल्फर्स एल्बो म्हणतात. स्मॅश आणि सर्व्हिस मारणाऱ्यांना तो त्रास देतो. चेंडूवर मनगट मोडताना आणि मूठ घट्ट आवळताना दुखतं. याच बाजूला कोपराचा सांधा धरून ठेवणारा पट्टाही असतो, त्याला लिगामेंट म्हणतात. तो ताणला गेला तर जोरात हात फिरवताना कोपर उघडल्यासारखं, सैल वाटतं.

*करंगळीपर्यंत मुंग्या :* कोपर कशावर तरी आपटलं की झिणझिण्या येतात, ती नस आतल्या उंचवट्याच्या मागूनच जाते. ती ताणली किंवा दबली की करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या येतात, बधिरपणा येतो. हात दुमडून उशीखाली घेऊन झोपण्याने आणि तासन् तास मोबाइल कानाला लावून बसण्याने हा त्रास वाढतो.

*मागच्या बाजूला :* हात झटक्याने पूर्ण सरळ करताना कोपराच्या टोकाच्या वर दुखत असेल, तर दंडाच्या मागच्या स्नायूची कंडरा दुखावलेली असू शकते.

*टोकावर मऊ गाठ :* चेंडू उचलायला मुरमाड जमिनीवर झेप घेणाऱ्यांच्या कोपराच्या टोकावर पाण्याची मऊ गाठ येते. ती फार दुखत नाही. पण लाल झाली, गरम लागली, ताप आला तर आत जंतुसंसर्ग झाला असं समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गाठ घरी सुईने फोडू नका. एल्बो पॅड घातलं तर ही गाठ बहुतांशी टळते.

*वाढत्या वयाची मुलं :* साधारण १४ ते १७ वर्षांपर्यंत कोपराच्या आतल्या उंचवट्याचं हाड पूर्ण जुळलेलं नसतं, मध्ये मऊ कूर्चा असते. मुलांमध्ये दोरी तुटण्याआधी ही कूर्चाच ओढली जाते. म्हणून शाळेतल्या मुलामुलीचं कोपर दोन आठवड्यांहून जास्त दुखत असेल, किंवा हात पूर्ण सरळ होत नसेल, तर "वाढीचं दुखणं आहे, जाईल" असं म्हणून सोडून देऊ नका. एक एक्स-रे काढून घ्या.

दुखतं कोपरात, कारण असतं दुसरीकडे

स्मॅशचा जोर हातातून येत नाही. तो पायातून निघतो, कमरेतून आणि पोटातून वर चढतो, खांद्यातून पुढे जातो आणि कोपरातून चेंडूपर्यंत पोचतो. ही साखळी आहे. पाय दमले, कंबर कडक झाली किंवा खांदा कमजोर असला की राहिलेला जोर कोपराला एकट्याला लावावा लागतो. म्हणूनच तिसऱ्या-चौथ्या सामन्यात, पोरं दमलेली असताना, कोपर जास्त दुखतं.

दुसरं कारण म्हणजे दिवसाचा एकूण भार. कोपर फक्त खेळ मोजत नाही. सकाळी ४० गोणी उचलल्या, संध्याकाळी ५० स्मॅश मारले, तर कोपराच्या खात्यात दोन्ही जमा होतात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी तर हे फारच लक्षात ठेवावं. भरतीच्या मैदानी चाचणीत ५० गुण असतात, त्यातले १५ गोळाफेकीचे. गोळा मुलांसाठी ७.२६ किलोचा, मुलींसाठी ४ किलोचा. गोळाफेकीचा सराव आणि स्मॅशचा सराव एकाच दिवशी पूर्ण जोराने केला तर कोपराला सावरायला वेळच मिळत नाही. एक दिवस गोळा आणि एक दिवस नेट, अशी वाटणी करा. भरतीला महिना-दीड महिना राहिला असेल आणि कोपर कुरकुरत असेल, तर स्मॅश बाजूला ठेवा. सामने पुढच्या वर्षीही होतील.

पहिले दोन आठवडे काय करावं?

पूर्ण विश्रांती, हात गळ्यात बांधून बसणं, हा उपाय नाही. कंडरेला थोडा भार लागतोच, नाहीतर ती आणखी कमजोर होते. पण दुखणं वाढवणारी हालचाल थांबवायला हवी.

१) स्मॅश आणि जोराची सर्व्हिस बंद. धावणं, उड्या, पायांचे आणि पोटाचे व्यायाम चालू ठेवा. दुखत नसेल तर हलकं लिफ्टिंग चालेल.

२) दुखणं जास्त असेल तर बर्फ ओल्या फडक्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा लावा. बर्फ थेट कातडीवर नको. घरात फ्रीज नसेल तर माठातल्या गार पाण्याची पट्टी चालते.

३) वजन उचलताना तळवा वरच्या बाजूला ठेवा आणि कोपर शरीराजवळ. बादली एका हाताने लांब धरून उचलू नका. दोन अर्ध्या बादल्या करा.

४) टेनिस एल्बोचा पट्टा मेडिकलमध्ये मिळतो. तो उंचवट्यावर नाही, त्याच्या दोन बोटं खाली बांधायचा. काम करताना बांधा, झोपताना काढा. पट्ट्याने आराम पडतो, पण त्याने दुखणं बरं होत नाही.

५) बिडी-सिगारेट सोडा. त्याने कंडरेचं भरून येणं मंदावतं.

खरा उपाय : घरच्या घरी व्यायाम

यासाठी जिम लागत नाही. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, लाटणं, टॉवेल आणि सायकलची जुनी ट्यूब एवढं पुरे.

*टॉवेल दाबणं :* टॉवेलची गुंडाळी करून मुठीत धरा, कोपर थोडं वाकवा, हळूहळू दाबा आणि ३० सेकंद धरून ठेवा. असं पाच वेळा. दुखणं जास्त असतानाही हा व्यायाम बहुतेकांना जमतो.

*बाटली :* बाहेरच्या दुखण्यासाठी हात टेबलावर ठेवा, तळवा खाली, मनगट कडेच्या बाहेर. पाण्याने भरलेली बाटली धरून, दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर न्या आणि मग चार मोजत सावकाश खाली सोडा. आतल्या दुखण्यासाठी हेच तळवा वर ठेवून करा. १० ते १५ वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. खाली सोडण्याचा वेग सावकाश हवा, फायदा त्यातच आहे.

*लाटणं :* लाटणं एका टोकाला धरा, कोपर काटकोनात. तळवा एकदा वर, एकदा खाली असं सावकाश फिरवा. १० वेळा.

*ट्यूब :* ट्यूब खिडकीच्या गजाला बांधा. कोपर अंगाला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला ओढा, हळू परत आणा. यामुळे खांदा मजबूत होतो. जोडीला भिंतीला हात टेकून १५ दंड काढा.

दुखण्याचं माप असं धरा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर कालचा भार जास्त झाला, तो कमी करा. सौम्य दुखण्याला ६ ते १२ आठवडे लागतात. जुनं टेनिस एल्बो सहा महिने ते वर्षही घेतं. पण बहुतांश लोक ऑपरेशनशिवाय बरे होतात.

इंजेक्शन, गोळ्या आणि चोळणं

"स्पर्धा आठवड्यावर आली आहे डॉक्टर, एक इंजेक्शन मारून द्या", असं बरेच जण म्हणतात. कोपरात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की आराम लवकर पडतो, हे खरं आहे. पण पुढचं ऐका. ऑस्ट्रेलियात टेनिस एल्बोच्या १९८ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. काहींना इंजेक्शन दिलं, काहींना फिजिओथेरपी, आणि काहींना फक्त काळजी घ्यायला सांगून वाट पाहायला लावलं. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सर्वांत पुढे होते. वर्षाअखेरीस मात्र तेच मागे पडले, कारण बरं वाटलेल्यांपैकी जवळपास पाऊण लोकांचं दुखणं उलटलं होतं. म्हणून इंजेक्शन घ्यायचंच असेल तर डॉक्टरांशी नीट बोलून घ्या, सामना खेळण्यासाठी घेऊ नका.

दुखणं दाबणाऱ्या गोळ्या मेडिकलमधून मनाने आणून सामन्याआधी घेणं त्याहून धोक्याचं. एक तर दुखणं कळत नाही आणि इजा वाढते. दुसरं म्हणजे या गोळ्या पोटात व्रण करू शकतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. एप्रिलच्या उन्हात, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, हा धोका वाढतो. बीपी, किडनी किंवा ॲसिडिटीचा त्रास असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत. लावायचं जेल त्यामानाने सुरक्षित.

आणि चोळणं. कोपराला मार लागल्यावर, विशेषतः मुलांचं कोपर, जोरात चोळून घेऊ नका, ओढून घेऊ नका. कोपराच्या सांध्याभोवतीच्या स्नायूत हाड तयार होऊन सांधा कायमचा आखडण्याचा धोका असतो.

परत मैदानावर कसं उतरायचं?

घरकाम आणि कामधंदा न दुखता होऊ लागला की पायरी पायरीने चढा.

पहिली पायरी : अंडरआर्म आणि लिफ्टिंग, २० मिनिटं.
दुसरी : उभ्याने हलकी सर्व्हिस, १५ ते २० चेंडू, एक दिवसाआड.
तिसरी : अर्ध्या जोराचे स्मॅश, २०.
चौथी : पूर्ण जोराचे स्मॅश, २० पासून सुरू करून दर आठवड्याला थोडे थोडे वाढवा.
पाचवी : सामना.

प्रत्येक पायरीवर किमान चार-पाच दिवस थांबा. दुखणं तीनच्या वर गेलं तर एक पायरी खाली या. खाली येणं म्हणजे हरणं नाही.

या लक्षणांना थांबू नका

* "कट्" असा आवाज होऊन अचानक दुखणं आणि सूज
* हात पूर्ण सरळ किंवा पूर्ण दुमडता न येणं, सांधा अडकणं
* बोटांत सतत बधिरपणा, पकड सैल होणं, वस्तू हातातून पडणं
* रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, लाली
* मान वळवल्यावर हातात कळ उतरणं
* सहा आठवडे काळजी घेऊनही फरक न पडणं

अशा वेळी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी मागून घ्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. मुंबईत केईएम, नायर आणि सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत. हाजीअलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. नागपूरला मेडिकलमध्ये हा विभाग आहे. रोज जाणं परवडत नसेल तर पहिल्याच दिवशी सांगा, "मॅडम, मला घरी करायचे व्यायाम लिहून द्या, पंधरा दिवसांनी दाखवायला येतो." त्यात संकोच करू नका. व्यायाम शिकून घेणं हा आपला हक्कच आहे.

मंडळांना एक विनंती

स्पर्धा भरवताना एका संघाला एका दिवसात तीनपेक्षा जास्त सामने देऊ नका. दोन सामन्यांत तासाभराची विश्रांती, प्यायला पाणी आणि सावली ठेवा. सकाळी पटांगणातले दगड वेचून काढा. बक्षिसाच्या रकमेतून दोन-तीन हजार बाजूला काढले तर एक चांगला चेंडू आणि दोन जोड एल्बो पॅड येतात. सामन्याआधी दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून वॉर्म-अप करायचा, हा नियम करा : आधी धावणं, मग खांदे फिरवणं, मग हलके चेंडू, शेवटी स्मॅश.

आणि एखादी ताई किंवा दादा "आज कोपर दुखतंय, मी बाहेर बसतो" म्हणाला, तर त्याला घाबरट म्हणू नका. त्याच्या जागी बदली खेळाडू उतरवा. त्याच हाताने त्याला उद्या सकाळी कामावर जायचं असतं.